ताणाची रेघ

ताणाचा एकविसावा दिवस होता. बागेत पाय टाकला की वाळल्या पानांचा चुरा होई, आणि तो आवाज गोपिकाला दरवर्षी आवडायचा. झाडांचे नुसते खराटे झाले होते. निम्मी पानं गळून आळ्यात पडलेली, उरलेली पिवळी पडून कडेनं गुंडाळलेली. मोसंबीतलं काही न कळणाऱ्याला वाटावं, ही बाग गेली. कळणाऱ्याला वाटावं, वा, काय ताण बसवलाय! मोसंबीचं झाड भारी हट्टी. त्याला पाणी देत राहिलं की ते पाल्यानं माजतं आणि फुलाचं नाव घेत नाही. म्हणून उन्हाळ्यात महिना-दीड महिना त्याचं पाणी तोडायचं, त्याला पार मरणाच्या दारात नेऊन उभं करायचं आणि मृगाच्या तोंडावर पाणी सोडायचं. मग ते घाबरून फुलतं, आणि असं फुलतं की वासानं डोकं धरावं.

अडीच एकरांत दोनशे सत्तर झाडं होती. ती लावली तिच्या सासऱ्यानं, राधाकिसन आबांनी. आबांच्या बापानं जन्मभर लोकांच्या रानात मेंढरं बसवली. आबांनी सतरा वर्षांपूर्वी जांबच्या वाटेवरच्या या माळात खड्डे घेतले तेव्हा गाव पोट धरून हसलं होतं. मेंढक्याची बाग, असं नावही पडलं. पुढं फळांचे टेम्पो भरून जायला लागले तसं हसणं थांबलं, नाव तेवढं राहिलं.

आता आबांना दिसत नव्हतं. दोन्ही डोळे गेले होते. रोज सकाळी गोपिका त्यांचा हात धरून त्यांना बागेत न्यायची. आबा चाचपडत एक पान तोडायचे, मुठीत दाबायचे आणि मूठ कानाशी न्यायचे.

"अजून वीस दिस," त्या सकाळीही ते म्हणाले. "घाई करू नका. कच्च्या ताणाला नुसता पाला फुटतो."

"कोण करून राह्यलं घाई, आबा?"

"माणसाचा भरवसा न्हाई. झाड सुकताना बघवत न्हाई त्याला."

ताणाच्या दिवसांत बागेत चूळसुद्धा भरायची नाही, हा आबांचा कायदा. बाग पहिल्यांदा ताणावर धरली होती त्या वर्षी गोपिकानं तांब्यातलं उरलेलं पाणी सवयीनं एका बुडाशी ओतलं होतं. आबा तीन दिवस तिच्याशी बोलले नव्हते. शेततळ्यात आता दोन पाळ्यांपुरतं पाणी होतं, आणि ते ताण तोडायलाच राखलेलं होतं.

दुपारी सुग्रीव गावातून आला. पिठाचा डबा त्यानं ओट्यावर ठेवला नाही, टाकला.

"यादी लागली ग्रामपंचायतीत," तो म्हणाला. "आपली बाग न्हाई म्हणून."

"न्हाई म्हंजी?"

"न्हाई म्हंजी न्हाईच. जाग्यावर न्हाई."

गोपिकाला हसू आलं. पण नवऱ्याचं तोंड बघून ते जागीच विरलं. तिनं पदर डोक्यावर घेतला आणि त्याच्या मागून निघाली.

ग्रामपंचायतीच्या फळ्यापुढं पंधरा-वीस माणसं उभी होती. विमा आणि अनुदान घेणाऱ्या फळबागांची ती यादी होती. गेल्या दोन-तीन वर्षांत लोकांनी कागदावर बागा लावून सरकारचे पैसे उचलले होते. जिथं बोरीचं झुडूप नाही तिथं मोसंबी दाखवली होती. चोर होतेच, आणि त्यांना कुणीतरी धरायलाच हवं होतं. त्यासाठी सरकारनं यंदा आभाळातला डोळा लावला होता. सुग्रीव राधाकिसन या नावापुढं, त्यांच्या गट नंबरापुढं छापलं होतं: बाग आढळली नाही. संशयित बोगस लाभार्थी.

"बाग कुठं ठिवलीस रं, सुग्रीव?" मागून कुणीतरी म्हणालं. "मेंढरांनी खाल्ली काय?"

सगळे हसले. सुग्रीवही हसला, आणि ते हसणं गोपिकाला सगळ्यात जास्त लागलं.

हरिओम तिथंच होता. गावात ऑनलाईन फॉर्म भरायचं दुकान त्याचं. त्याची नाल्याकाठची तीन एकर जमीन वेड्या बाभळीनं खचाखच भरली होती. तिथं शेळीसुद्धा शिरत नसे. यादीत तिच्यापुढं हिरवी खूण होती. मोसंबी, वय अकरा वर्षं, बाग सुस्थितीत.

"वैनी, माणूस न्हाई बघत आता," हरिओम तिला समजावू लागला. त्याच्या बोलण्यात मस्ती नव्हती. त्याचाच त्यावर विश्वास बसत नसावा. "वरून उपग्रह फोटो काढतो, अन् एआय ठरवतं. बारा महिने हिरवं दिसलं तर बाग. हिरवं न्हाई तर पड."

"आन् तुमची बाभूळ?"

"ती काय, बारा महिने हिरवीच की," हरिओम हळू आवाजात म्हणाला.

पंधरा दिवसांची मुदत होती. त्यानंतर पुन्हा फोटो निघणार होता, आणि तोच अखेरचा. त्यातही बाग दिसली नाही तर सातबाऱ्यावरची बाग खोडून पड लागणार, आणि गुन्हा दाखल होणार. गुन्हा हा शब्द ठळक छापला होता.

दुसऱ्या दिवशी भावना मॅडम आल्या. कृषी खात्याच्या गावच्या सहायक. भोकरदनकडची मुलगी, वय पंचविशीतलं, स्कूटीवर उन्हातून आलेली. त्यांनी एका झाडाच्या खोडाला हात लावला, नखानं साल खरवडली. आत हिरवं होतं.

"ताण लई छान बसलाय," त्या म्हणाल्या. सुग्रीवचा जीव भांड्यात पडला.

"मंग तेवढं लिव्हा, मॅडम."

त्यांनी मोबाईल काढला. ॲपमध्ये तीन रकाने होते: हिरवी, वाळलेली, नाही. त्या कितीतरी वेळ बोट वर धरून उभ्या राहिल्या.

"दादा, यात ताणाचा रकानाच नाही. वाळलेली टाकलं तर बाग मेली म्हणून नाव कटतं. हिरवी टाकावं तर माझा फोटो उपग्रहाच्या फोटोशी जुळत नाही, ते मलाच खोटं ठरवतं."

"तुमाला तर दिसून राह्यलं ना? डोळ्यानं?"

"मला दिसतंय हो," भावना मॅडम म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एकदम पडला. "मला दिसून काय उपयोग?"

जाताना त्यांनी गोपिकाला बाजूला घेतलं. "ताई, दुसरा फोटो होईल तेव्हा नुसती पोपटी पालवी जरी असली तरी चालेल." हे सांगताना त्यांचीच मान खाली गेली होती.

सुग्रीव तालुक्याच्या कचेरीत गेला. जाताना त्यानं मोसंबीच्या चार फांद्या तोडून ओल्या फडक्यात बांधून घेतल्या. बाग आहे, हे दाखवायला माणसानं दुसरं काय न्यावं? दुपारी तीनपर्यंत तो बाकावर बसला. शेवटी खिडकीतल्या बाबूनं फडकं उलगडून पाहिलं आणि म्हणाला, "पाला कशाला आणलाय इथं? झाडणारी सकाळीच येऊन गेली."

फांद्या घेऊन तो परत आला. त्या त्यानं फेकल्या नाहीत. गोठ्याच्या वळचणीला खोचून ठेवल्या. त्या दिवसापासून तो गावात जायचा बंद झाला. दळणाला गोपिका जायची. जेवताना भाकरी कुस्करून तशीच ताटात ठेवायचा. बांधावरून कुणी मोटारसायकलवाला गेला की हातातलं काम सोडून उठून उभा राहायचा.

"पाणी सोडतो," तो एकदा म्हणाला.

"बहार जाईल," बाजेवरून आबा म्हणाले. "तळ्यातलं पाणीबी जाईल."

"अन् पोलीस आले तर? मेंढका म्हंत होते तवर बराबर होतं, आबा. आता चोर म्हंत्यात."

"म्हणू दे. झाड फुलल्यावर वास गावात जाईल. कोण चोर ते नाकानं कळंल लोकांना."

"वरच्याला नाक न्हाई ना!" सुग्रीव ओरडला. आबांपुढं तो जन्मात पहिल्यांदा ओरडला होता. गोपिका भाकरी थापत होती. तिचे हात परातीत तसेच राहिले.

तिच्या मनानं दोन दिवस तोललं. एका बाजूला वर्षाचा बहार होता. दुसऱ्या बाजूला हा माणूस, जो तिच्या डोळ्यांदेखत झाडासारखाच पिवळा पडत चालला होता. आणि झाडाचा ताण ठरल्या दिवशी तुटतो, याचा कोण तोडणार? सुग्रीव ते धाडस करणार नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. बापाचा कायदा मोडायचं त्याच्या रक्तात नव्हतं. मोडायचं तर तिलाच मोडावं लागणार होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी सुग्रीव परतूरला वकिलाकडं गेला. आबा लिंबाखाली बाजेवर पडले होते. लाईट आली. गोपिका शेततळ्यावर गेली, स्टार्टरच्या पेटीचं दार उघडलं आणि बटण दाबलं. मोटर घरघरली. ती ठिबकच्या कॉकपाशी उकिडवी बसली. कॉक उन्हानं एवढा तापला होता की पदर गुंडाळून फिरवावा लागला. नळ्यांमधून आधी हवा फुसफुसली. मग प्रत्येक झाडाच्या बुडाशी एकेक थेंब पडायला लागला. तापलेली माती तो थेंब पडल्याबरोबर पिऊन टाकत होती. गोपिकाला रडू आलं. तिला वाटलं, आपण कुणाच्या तरी ताटात विष कालवतोय, आणि ते लेकरू मिटक्या मारत जेवतंय.

"मोटर काहून लागली गं?" आबांनी हाक दिली.

"टाकी भरून राह्यले, आबा. प्यायच्या पाण्याची."

खोटं किती सहज आलं तोंडात! आबा उठून बसले. तेवढ्यात बागेकडून वाऱ्याची झुळूक आली, आणि तिच्यात ओल्या मातीचा वास होता. आबांनी तोंड बागेकडं वळवलं. नाकपुड्या हलल्या. त्यांनी धोतराचा सोगा तोंडावर ओढला आणि कूस बदलून पडून राहिले.

आठव्या-नवव्या दिवशी पालवी फुटली. पोपटी, लुसलुशीत, टोकाटोकाला. सुग्रीवनं पाहिली आणि तो बागेच्या मधोमध बराच वेळ उभा राहिला. त्यानं बायकोला ना शिव्या दिल्या, ना शाबासकी. संध्याकाळी मात्र त्यानं दोन भाकरी खाल्ल्या. गोपिका एका एका फांदीजवळ जाऊन पालवीच्या बेचक्यात कळी शोधत होती. एकही नव्हती.

बागेत साप निघालाय असं सांगून तिनं आबांचं सकाळचं जाणं बंद केलं होतं. दोन-तीनदा त्यांनी विचारलं, मग विचारायचंही सोडून दिलं.

फोटोच्या दिवशी आभाळ धुतल्यासारखं निवळ होतं. सुग्रीवनं नवी टोपी घातली. कशासाठी, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

निकाल घेऊन भावना मॅडमच आल्या. स्कूटी लावली, हेल्मेट काढलं, पण तिथंच उभ्या राहिल्या.

"बाग आढळली," त्या म्हणाल्या.

"आढळली!" सुग्रीवनं मांडीवर थाप मारली. "आबा, ऐकलं का? आढळली!"

"दादा, थांबा. पूर्ण ऐका." त्यांनी मोबाईलवरून वाचलं. "मोसंबी. नवीन लागवड. वय शून्य वर्षं."

कुणालाच काही कळलं नाही. मग मॅडमनी हळूहळू फोड करून सांगितलं. पहिल्या फोटोत इथं काही नव्हतं, दुसऱ्यात हिरवं दिसलं. म्हणजे झाडं या पंधरा दिवसांत लावली, असं एआयनं धरलं. म्हणजे याआधी इथं बाग नव्हतीच. म्हणजे आजवर जे काही घेतलं ते सगळं खोटं. आणि चौकशी लागल्यावर घाईघाईनं रोपं लावून फसवणूक केली, हा आणखी एक गुन्हा.

"रोपं?" सुग्रीवनं जवळच्या झाडाला मिठी मारल्यासारखे हात घातले. ते खोड त्याच्या मांडीहून जाड होतं. "हे रोप हाय का, मॅडम? हे?"

"खोडं वरून दिसत नाहीत, दादा."

"आन् हरिओमची?" गोपिकानं विचारलं.

"अकरा वर्षं. सुस्थितीत." मॅडमनी मोबाईल बंद केला. "सोमवारी पथक येणार आहे. त्यांना प्रत्यक्ष दाखवा. वय सिद्ध करता आलं तर बघा काही."

त्या गेल्या. सुग्रीव जमिनीवर बसला. पाणी तिनं सोडलं होतं. बहार तिनं घालवला होता, तळं तिनं तळाला नेलं होतं, आणि त्याच्या बदल्यात घरात एकाऐवजी दोन गुन्हे आले होते.

बाजेवरून आबांचं हसू ऐकू आलं. बारीक, घशातलं.

"वय शून्य," ते म्हणाले. "सुग्रीव, करवत आण."

"कशाला?"

"कोरड्या विहिरीकडचं पैलं झाड पाड. आडवं काप. झाडाचं वय झाडाच्या पोटात असतं. दाखवू त्यांना."

"आबा, बिलकुल न्हाई!"

लहानपणी सुग्रीवनं एकदा गोफणीच्या खड्यानं लिंबाची फांदी मोडली होती, तर आबांनी त्याला कासऱ्यानं झोडपलं होतं. तो माणूस आज सतरा वर्षांचं झाड पाडायला सांगत होता. आबांनी दुसऱ्यांदा सांगितलं नाही. काठी घेतली आणि स्वतःच विहिरीकडं चालायला लागले. मग सुग्रीव उठला.

रविवारी सकाळी झाड पाडलं. एका टोकाला सुग्रीव, दुसऱ्या टोकाला गोपिका. करवत नव्या पाण्यानं फुगलेल्या सालीत अडकत होती. भुसा पिवळाधमक आणि कडवट वासाचा. गोपिकाच्या तळव्याला फोड आला, फुटला, आणि करवतीची मूठ निसरडी झाली. आबा पाठमोरे बसले होते. झाड कलंडलं तेव्हा फार आवाज झाला नाही. पालवी कोवळी होती. सुग्रीवनं बुंध्याची ताटलीएवढी चकती कापली, दगडानं घासून गुळगुळीत केली आणि ओट्यावर ओल्या फडक्यात ठेवली. वर्तुळं स्पष्ट दिसत होती. एक फिकट, एक काळपट, पुन्हा एक फिकट.

सोमवारी ओटा सारवला. सतरंजी टाकली. अकरा वाजले, बारा वाजले, दोन वाजले. तीनला स्कूटी आली. भावना मॅडम एकट्याच होत्या.

"पथक येत नाही," त्या म्हणाल्या. "फोटो पुरेसा आहे असं वरून कळवलंय."

सुग्रीवनं फडकं बाजूला केलं. मॅडमनी चकतीकडं पाहिलं, मग विहिरीकडच्या रिकाम्या जागेकडं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी टाकते फोटो," त्या म्हणाल्या. "कुणीतरी बघेल." ओट्यावर वाकून त्यांनी नीट उजेडात फोटो काढला आणि ॲपवर चढवला. चाक फिरत राहिलं. मग मोबाईलवर तांबडी ओळ आली. ती त्यांनी वाचली नसती तर बरं झालं असतं, पण सुग्रीव वाट बघत होता.

"फोटोत झाड आढळले नाही. पुन्हा प्रयत्न करा."

सुग्रीव उठून गोठ्यात गेला. मॅडम न सांगताच निघून गेल्या.

"गोपिका, हिकडं ये," आबा म्हणाले. "बस."

ती बसली. आबांनी चकती मांडीवर घेतली, तिचं बोट धरलं आणि मधोमध टेकवलं. मग ते बोट हळूहळू कडेकडं सरकवत नेलं.

"ही काळी रेघ लागली का हाताला? ही पैल्या ताणाची. तू तांब्या ओतल्ता, ते साल. ही दुसरी. ही दुष्काळातली, बघ किती जाड हाय." ते एकेक रेघ सांगत गेले. तिच्या फोडानं चकतीवर ओलसर डाग पडत होते. सालीजवळ येऊन त्यांचा हात थांबला. "हितं यंदाची यायला पायजे होती."

गोपिकानं मान वर केली. आबांचे पांढरे डोळे बागेकडं होते.

"तुमाला ठावं होतं?"

"वास आल्ता."

"मंग बोलला काहून न्हाई, आबा? मोटर बंद करायला लावायची. माहं थोबाड फोडायचं!"

"बोललो असतो," आबा म्हणाले. "पर मलाबी वाटलं, पोरगा वाचंल."

ती त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून मोठ्यानं रडली. लग्न होऊन या घरात आल्यापासून ती त्यांच्यापुढं कधी रडली नव्हती. आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला नाही. त्यांना ते जमत नसे. त्यांनी चकती फडक्यात गुंडाळली.

"ऊठ. तळ्यात किती उरलंय?"

"गुडघाभर."

"सोड. ताण तर मोडलाच, झाडं तरी जगव. आता आपल्याला कुणाला काय दाखवायचंय?"

गोपिका तळ्यावर गेली. बटण दाबलं, कॉक फिरवला. या वेळी तो तेवढा तापलेला नव्हता. नळ्या फुसफुसल्या आणि दोनशे एकोणसत्तर झाडांच्या बुडाशी पाणी ठिबकायला लागलं. दोनशे सत्तराव्या नळीचं पाणी विहिरीकडच्या तोडलेल्या खुंटावर पडत होतं. ती नळी दुमडून बांधायचं तिच्या जिवावर आलं.

अखेरचा फोटो होऊन गेला होता, पण उपग्रह गुरुवारी पुन्हा वरून जाणारच होता. तिनं कपाळावर हात धरून वर पाहिलं. आभाळ स्वच्छ होतं, घारसुद्धा नव्हती. तरी तिनं पदर ओढून घेतला आणि झाडाखाली सरकून बसली.